वुंडरलिखचा गळा, गीझनचा हात : पेटीवालीच्या कानानं शुमान

फ्रिट्झ वुंडरलिख या जर्मन गायकाच्या आवाजाबद्दल जगानं लिहून झालंय, आणि लिहिलंय ते खरं आहे. म्हणून या रेकॉर्डबद्दल लिहिताना मी गायकाकडं जरा उशिरानं येणार आहे. मी पेटी वाजवते. सोलापुरात दक्षिण कसब्यात राहते, भावगीत-नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना साथ करते, घरी मुलांना शिकवते. कुठलंही गाणं लागलं की माझा कान आधी गाणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाकडं जातो. सवय आहे, त्याला इलाज नाही.

रेकॉर्ड ही : जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानची 'डिख्टरलीबे', म्हणजे कवीचं प्रेम. सोळा गाणी, एक आवाज आणि एक पियानो, बाकी कुणी नाही. गायक वुंडरलिख, पियानोवर हूबर्ट गीझन. १९६५ साली म्युनिकमध्ये मुद्रित झालेली, डॉइश ग्रामोफोनची पिवळ्या पट्टीवाली. सोबत बेथोवन आणि शूबर्ट यांचीही काही गाणी आहेत. सीडी मिळते, फोनवरही सापडते. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या माणसांना पुढं वाचायला नको : गळ्याला पाचपैकी पाच, हाताला साडेतीन. आणि पंचाईत अशी, की ही गाणी गळ्याइतकीच, कधीकधी गळ्यापेक्षा जास्त, हाताची आहेत.

तसा हा प्रकार आपल्याला परका नाही. चांगल्या कवीची छोटी कविता घ्यायची, तिला चाल लावायची, दोन-तीन मिनिटांत संपवायची. ताना नाहीत, शब्द पुढं. गजाननराव वाटव्यांच्या काळापासून आपल्याकडं जे भावगीत रुजलं त्याची आणि याची जात एकच. फरक साथीत आहे. आपल्याकडं सुरुवातीचं म्युझिक असतं, दोन कडव्यांच्या मध्ये म्युझिक असतं, आणि गाणारा तोंड उघडतो तेव्हा वाजवणाऱ्यानं मागं सरायचं असतं. आमचे मास्तर तर पट्टीवरून बोट उचलायला लावायचे. 'तो गातोय ना, मग तू कशाला गातेस?' असं विचारायचे, आणि विचारताना भात्यावर हात ठेवून हवाच बंद करायचे. त्यात त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण शुमानला असले मास्तर भेटले नव्हते.

त्याला भेटले ते फ्रीडरिख वीक. पियानोचे नावाजलेले शिक्षक. शुमान त्यांच्याकडं शिकायला राहिला, उजव्या हाताचं बोट निकामी झालं आणि मैफलीत वाजवण्याचं स्वप्न तिथंच बसलं. मग तो पियानोसाठी लिहायला लागला. त्याची पहिली तेवीस प्रकाशनं नुसत्या पियानोची आहेत, एकात गाण्याचा शब्द नाही. याच वीकांच्या मुलीवर, क्लारावर, त्याचं प्रेम बसलं. ती लहानपणापासून युरोपभर वाजवणारी पियानोवादक. बापानं लग्नाला इतका विरोध केला की प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १२ सप्टेंबर १८४० ला लग्न लागलं, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्याच वर्षी या माणसानं एकाएकी गाणी लिहायला घेतली आणि वर्षभरात सव्वाशेच्या वर लिहिली. 'डिख्टरलीबे' त्यातली, मे महिन्याच्या शेवटी आठवड्याभरात उतरलेली. मुळात वीस होती. १८४४ साली छापताना चार काढली. म्हणजे ज्याच्या हातातून पियानो गेला त्यानं पियानोवालीशी लग्न ठरलेलं असताना लिहिलेली ही गाणी आहेत. पियानो मागं सरेल कशाला?

जाता जाता एक आमच्या धंद्यातली गोष्ट. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिरानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेही याच सुमारास, १८४० च्या आगेमागे. आमची पेटी आणि ही गाणी जवळजवळ एका वयाची.

भाषेचं काय, असं मला दोघातिघांनी विचारलं. जर्मन कुणाला कळतंय? मला हा प्रश्न सोलापुरात विचारला जातो याचंच नवल वाटतं. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. ती ऐकताना डोळे मिटणाऱ्या कितीजणांना कन्नड येतं? पूर्व भागात लग्नाला गेलं की तेलुगू गाणी कानावर पडतात, आपण मान डोलावतोच. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकायची या गावाला पुण्या-मुंबईपेक्षा जुनी सवय आहे. तरी एकदा अर्थ नजरेखालून घालावा, कारण ही गाणी ज्याच्या कवितांची आहेत त्या हाइने या जर्मन कवीची कविता खोडकर आहे. शेवटच्या ओळीत पायाखालची सतरंजी ओढायची त्याला खोड आहे, आणि ती माहीत नसली तर काही गाणी उगाच गोड वाटतात.

गोष्ट साधी. एकाचं प्रेम बसतं, ती दुसऱ्याशी लग्न करते, हा स्वप्नं बघत राहतो, शेवटी गाणी आणि प्रेम एका शवपेटीत घालून समुद्रात बुडवायला निघतो. नावं नाहीत, घटना जवळजवळ नाहीत.

पहिलं गाणं सुंदर मे महिन्याचं. कळ्या उमलतात, पाखरं गातात, याच्याही मनात प्रेम उगवतं. आता सोलापुरात मे महिन्याला सुंदर म्हणणाऱ्याला आधी ताक पाजून सावलीत बसवतील. मुलांना मी चैत्र म्हणून सांगितलं आणि पुढं गेले. खरं काम पियानोत आहे. तो एकटा सुरू होतो, हळू, सूर एकापुढं एक ठेवत, आणि पट्टी कुठली ते सांगत नाही. काळी तीनचा (म्हणजे पेटीवरची तिसरी काळी पट्टी सा धरून) मायनर, कोमल गंधाराचा, असावा असं वाटतं, तोवर गाणारा येतो आणि पांढरी सहाच्या मेजरमध्ये, शुद्ध गंधारात, जाऊन बसतो. पियानो त्याला तिथं फार वेळ बसू देत नाही. दोन कडवी होतात, गाणारा गप्प होतो, पियानो सुरुवातीचाच तुकडा परत वाजवतो आणि काळी एकवरच्या सेव्हन्थ कॉर्डवर, म्हणजे सा ची वाट बघायला लावणाऱ्या सुरांच्या जुडीवर, सोडून देतो. काळी तीनला सा धरा. काळी एक म्हणजे पंचम. त्यावर ती सेव्हन्थ. आता सा येणार, आता येणार. येत नाही. गाणं संपलेलं असतं.

माझा एक विद्यार्थी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. घरी माग आहेत, अशोक चौकाच्या पुढं. लूम चालू असताना कानात हेडफोन घालून रियाज करणारा मुलगा. त्याला पहिलं गाणं ऐकवलं.

"बाई, हे संपलंच नाही ओ."

"संपलंय."

"नाही ओ, फाईल तुटली असंल. परत डाऊनलोड करतो."

"तू पुढचं लाव गुमान."

पुढचं लागलं तेव्हा तो हसला. दुसऱ्या गाण्यात पियानो आणि आवाज पांढरी सहाच्याच मेजरमध्ये आहेत, म्हणजे पहिल्यातली ती लोंबकळ तशीच मागं राहिली, तिच्यावर कुणी बोललंच नाही. आणि इथं आणखी एक गंमत. गाणारा ओळ गातो आणि शेवटच्या सुरावर, सा च्या एक घर वर, थांबून राहतो. तो सा पियानो लावतो, अगदी हळू, गाणाऱ्याचं झाल्यावर. एकदा नाही, पुनःपुन्हा हेच. वाक्य एकानं बोलायचं आणि पूर्णविराम दुसऱ्यानं द्यायचा. आपल्याकडं हे साथीदारानं केलं तर गाणारा वळून बघेल.

तिसरं गाणं अर्ध्या मिनिटात संपतं. गुलाब, लिली, कबुतर, सूर्य असं सगळं एका श्वासात. वुंडरलिखचे शब्द तिथं मोत्यासारखे वेगळे राहतात. आपल्या नाट्यगीतवाल्यांनी ऐकावं. चौथं, पाचवं गोड. सहावं कोलोनच्या मोठ्या चर्चवर आहे, ऱ्हाईन नदीत त्याचं प्रतिबिंब. पियानो जड पावलांनी चालतो. मला ते फारसं लागत नाही.

सातव्यात मात्र थांबावं लागतं. 'मी तक्रार करत नाही' असं हा सांगतो, काळीज फुटलं तरी करत नाही, पुनःपुन्हा सांगतो. आणि पियानोत कॉर्डचा मार चाललेला असतो, न थांबता. म्हणजे तक्रार आहे आणि ती पियानो करतोय. शेवटाकडं एक ओळ वर चढते. तिथं शुमाननं गाणाऱ्याला दोन वाटा छापून ठेवल्यात, एक वरची, एक खालची, ज्याचा गळा जसा. वुंडरलिख वरची घेतो. तो सूर मी वर्णन करत बसत नाही. इतकंच सांगते की वर जाताना आवाज बारीक होत नाही आणि ओरडाही होत नाही. आमच्याकडं वरच्या सा ला गेल्यावर टाळी घेण्यासाठी थांबणारे गायक मी आयुष्यभर सांभाळलेत. हा थांबत नाही, शब्द घेऊन खाली येतो. गीझनचा मारही इथं बरोब्बर आहे. या गाण्याला सरळ हात चालतो.

आठव्यात फुलांना कळलं असतं, बुलबुलांना कळलं असतं, चांदण्यांना कळलं असतं, असं म्हणत पियानो बोटांची थरथर चालू ठेवतो. शेवटी हा म्हणतो, माझं काळीज तिनंच फाडलं, आणि गप्प होतो. मग पियानो उसळतो. दुःखाचा स्फोट गाणाऱ्याकडं नाही, त्याच्या मागं बसलेल्याकडं.

नववं गाणं तिच्या लग्नाचं. सनया म्हणा, बँड म्हणा. तिकडं बासऱ्या, व्हायोलिनं आणि नगारे वाजतायत. पियानोत तो नाच सुरू होतो तो गाणाऱ्याकडं ढुंकूनही न बघता चालू राहतो. गाणाऱ्याला वाटेल तिथं तो आपल्या ओळी टाकतो, नाच त्याच्यासाठी थांबत नाही. नव्या पेठेतून वरात चाललीय आणि आपलं माणूस गच्चीवर उभं आहे, असं म्हटलं तर कुणालाही कळेल. शेवटी वरात लांब जाते, सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीनं खाली घसरतात. इथं मला गीझनकडून जास्त हवं होतं. तो नाच वाजवतो, नीट वाजवतो, लयीत वाजवतो. पण हा नाच नीट वाजवायचा नाहीये. त्यात जरा उर्मटपणा हवा.

तीच कथा अकराव्याची. एका मुलाचं एका मुलीवर प्रेम, तिचं दुसऱ्यावर, त्याचं तिसरीवर. ती रागानं वाटेत भेटेल त्याच्याशी लग्न करते. चाल मुद्दाम पोरकट, तमाशातल्या बतावणीला शोभेल अशी. ही रामजोशींची नगरी, असल्या गोष्टीला कसं वाजवायचं हे आमच्या कुठल्याही ढोलकीवाल्याला विचारा. गीझन हसतच नाही. वुंडरलिखही इथं जरा जास्त सभ्य आहे.

आता तेरावं. हे एकच गाणं ऐकायचं असेल तर हे ऐका. मी स्वप्नात रडलो, तू थडग्यात होतीस. मी स्वप्नात रडलो, तू मला सोडून गेलीस. आणि आवाज एकटा. खाली काही नाही, षड्जसुद्धा नाही. गाणारा ओळ म्हणतो, थांबतो, त्या थांब्यात पियानो दोन-तीन कोरडे ठोके देतो, तेही दबक्या आवाजात, पुन्हा शांतता. दोन कडवी अशी. तिसऱ्यात, तुझं प्रेम अजून आहे असं स्वप्न पडतं तेव्हा, दोघं एकत्र येतात, आणि त्यानं रडू वाढतं.

हे गाणं पेटीवर होत नाही. मी आणि त्या मुलानं करून बघितलं, मी पेटीवर, तो कीबोर्डवर. पेटीचा सूर भाता आहे तोवर जिवंत राहतो, सरळ, एकसारखा. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. शुमान त्या विरण्यासाठी लिहितो. पहिल्या गाण्यात पायातलं पेडल दाबून विरणारे सूर एकमेकांत मिसळायचे आणि इथं पेडल न घेता त्यांना तोडायचं. आमच्याकडं तोडलेला सूर म्हणजे चूक आणि मोकळी जागा म्हणजे भरायची जागा. मी साथीला बसले असते तर त्या थांब्यांत माझी बोटं आपोआप गेली असती, गाणाऱ्याची ओळ हळूच परत वाजवायला. गीझन ते थांबे पूर्ण मोजतो. इथं त्याचा सरळपणा कामी येतो आणि वुंडरलिख त्या रिकाम्या जागेत न घाबरता उभा राहतो. साथीशिवाय सूर इतका स्थिर ठेवायचा, पट्टी काळी दोनची, मायनर, आणि प्रत्येक वेळी पियानोचा ठोका येतो तेव्हा गाणारा नेमका तिथंच असतो.

सोळावं गाणं मोठ्या गमज्यांचं आहे. जुनी वाईट गाणी, जुनी वाईट स्वप्नं पुरायला शवपेटी आणा. हायडेलबर्गच्या किल्ल्यात दारूचं एक प्रचंड पिंप आहे, त्याहून मोठी. तिरडी माइन्झच्या पुलाहून लांब. उचलायला बारा राक्षस, कोलोनच्या चर्चमधल्या संत क्रिस्टोफरहून दांडगे. आणि मग तो विचारतो, पेटी इतकी मोठी का? कारण तिच्यात मी माझं प्रेम आणि माझं दुःख घातलं. एवढं म्हणून गाणारा संपतो. त्याला आता पुढं काही नाही. त्यानं उभं राहायचं.

पियानोला आहे. लय बदलते, आणि बाराव्या गाण्याच्या शेवटी वाजलेला तुकडा परत येतो. बाराव्यात बागेतली फुलं याला म्हणाली होती, आमच्या बहिणीवर रागावू नकोस रे, उदास माणसा. तेव्हा यानं उत्तर दिलं नव्हतं, पियानोनं नुसता एक तुकडा वाजवला होता, काळी पाचमध्ये. तोच आता लांबवून, उलगडून वाजतो. आणि पट्टी कुठली? काळी एक. हे सोळावं गाणं सुरूच काळी एकच्या मायनरमध्ये होतं, आणि पियानो ते मेजरमध्ये नेऊन संपवतो. कागदावर सी शार्पचं डी फ्लॅट होतं, बोट तिथंच राहतं. पहिलं गाणं ज्या काळी एकवर लोंबकळत सोडलं होतं तीच ही पट्टी. तिथं ती पंचम होती. सोळा गाण्यांनंतर तिचा सा झाला.

हे आम्हाला ऐकून नाही, पट्ट्या मोजताना सापडलं. मुलगा कीबोर्डवर शेवटचा कॉर्ड धरून बसला होता आणि मी म्हटलं, आता हात न उचलता पहिल्या गाण्याचा शेवट वाजव. त्यानं वाजवला. खालचं बोट हललंच नाही. शुमाननं हे ठरवून केलं की हातानं झालं, यावर मी काही बोलणार नाही; पियानोवाल्याच्या हाताला पट्टी लक्षात राहते इतकं मला माहीत आहे. आणि या सगळ्या हिशेबात गाणाऱ्याचा वाटा शून्य. कोडं पियानोनं घातलं, सोडवलंही पियानोनं.

म्हणून मला गीझनवर थोडा राग आहे. हा शेवटचा तुकडा तो व्यवस्थित वाजवतो. जबाबदार माणसासारखा. गाणाऱ्याचं झालं, आता आपलं उरलंय ते आटपू या, असा. त्याच्या हातात या गाण्यांची किल्ली होती आणि त्यानं ती खिशातच ठेवली.

पण त्याची बाजूही सांगायला हवी. गीझन तेव्हा पासष्टीच्या पुढचा होता. तरुणपणी व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिनला पियानोसाथ केलेला माणूस. वुंडरलिख ऑपेराचा गायक, आणि ही छोटी गाणी शिकायला तो गीझनकडं गेला होता. म्हणजे साथीला गुरू बसलाय. शिष्य गात असताना गुरूनं पेटी घेतली की ती कशी वाजते हे आपल्याला ठाऊक आहे : लय धरून, आधार देत, स्वतःचं काही न दाखवता. वुंडरलिखचा तो बिनधास्त सूर कदाचित या भिंतीला टेकूनच उभा आहे. तो मूळचा गरीब घरचा, आईबाप दोघं वाजवणारे, बाप लवकर गेला. पोटासाठी पोरवयात नाचगाण्याच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचा. अकॉर्डियन म्हणजे आमच्या पेटीचीच चुलत बहीण, त्यामुळं माझा त्याच्यावर जरा जास्त जीव. १७ सप्टेंबर १९६६ ला हायडेलबर्गमध्ये गेला, मित्राच्या घरी जिन्यावरून पडून; छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. ही रेकॉर्ड त्याच्या आदल्या वर्षाची.

मरण्याआधी दोन आठवडेही नव्हते, ४ सप्टेंबरला, एडिनबरोला या दोघांनी हीच सोळा गाणी लोकांसमोर केली. त्याचं मुद्रण निघालंय. आवाज जुनाट, लोक खोकतात. पण वुंडरलिख तिथं जास्त मोकळा आहे, आणि गीझनसुद्धा. स्टुडिओतली नीटनेटकी हवी की ती, असं विचाराल तर मी घरी ती लावते.

ध्वनिमुद्रणाबद्दल एक तक्रार, आणि ती मी कुठल्याही सभागृहात करते. आवाज पुढं, पियानो मागं. आमच्याकडं तर साउंडवाल्याला पेटीचा माईक वाढव म्हटलं की तो हो म्हणतो आणि गायकाचा वाढवतो. म्युनिकमध्ये तितकं वाईट झालेलं नाही, पियानोचा प्रत्येक सूर ऐकू येतो. तरी खोलीत दोन माणसं समसमान बसलीत असं वाटत नाही. एक उभा आहे आणि एक त्याच्या मागं. साध्या स्पीकरवर हा फरक वाढतो, हेडफोनवर कमी होतो. हेडफोन घ्या.

पियानोसाठी ऐकायचं तर डिट्रिख फिशर-डीस्काऊ आणि क्रिस्टोफ एशेनबाख यांची जोडी ऐका, सत्तरच्या दशकातली. शेवटच्या तुकड्यात एशेनबाख प्रत्येक वळणावर विचार करतो. फिशर-डीस्काऊच १९७६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक होरोविट्झबरोबर ही गाणी गायला. तिथं पियानो इतका बोलतो की अधूनमधून गाणाराच साथीला बसलाय असं वाटतं. मला आवडतं, सगळ्यांना आवडेल असं नाही. आणि बायकांनी ही गाणी गायची नाहीत असं कुणी म्हटलं तर सांगावं, की शुमाननं ती अर्पण केलीत विल्हेल्मिना श्र्योडर-डेव्हरिएंट नावाच्या गायिकेला. लोटे लेमानची रेकॉर्ड शोधा, ब्रूनो वॉल्टर पियानोवर. जुनी आहे, खरखरते, पण बाई शब्द कसा टाकते ते बघा.

या रेकॉर्डवरची बेथोवनची आणि शूबर्टची गाणी मी इथं उरकते आहे, कारण त्यांत पियानोला इतका हट्ट नाही. शूबर्टचं संगीताचे आभार मानणारं छोटं गाणं शेवटाकडं आहे. तिथं गीझनला मी पाच देईन. साध्या ठेक्यावर साधा कॉर्ड, आणि तो तसाच वाजवायचा असतो.

ऐकायचं कसं, हेही सांगते. फुकटच्या अ‍ॅपवर ऐकू नका. माझ्या फोनवर पहिल्या आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्ये, तो सेव्हन्थ कॉर्ड हवेत लटकलेला असताना, गृहकर्जाची जाहिरात आली. दुसऱ्यांदा ऐकताना अ‍ॅपनं गाणी उलटीसुलटी लावली आणि शवपेटी आधी आली, मे महिना नंतर. एक तर पैसे भरून ऐका, किंवा सीडी घ्या. अर्धा तास लागतो. रात्री गाडीघोडा थांबल्यावर, पंखा बारीक करून. अर्थाचा कागद आधी वाचून बाजूला ठेवा. ऐकताना वाचत बसलं की पियानो सुटतो.

पेटी-कीबोर्ड शिकणाऱ्यांनी सुरुवात दुसऱ्या गाण्यापासून करावी. सोपं आहे, हळू आहे, आणि गाणाऱ्यानं सोडलेला सा आपण लावायचा म्हणजे काय ते हाताला कळतं. गायला घरातलं कुणीही चालेल. छापील स्वरलेखन इंटरनेटवर विनाशुल्क मिळतं. शुमान १८५६ साली गेला, आता हक्काचा प्रश्न नाही. स्टाफ नोटेशन वाचता येत नसेल तर पहिलं, दुसरं आणि तेरावं मी सारेगममध्ये उतरवून ठेवलंय, दोन्ही हात वेगळे. ज्यांना हवं त्यांनी वही-पेन्सिल घेऊन संध्याकाळी सहानंतर यावं. झेरॉक्स मिळणार नाही, फोटोही काढू देणार नाही. बसून उतरवून घ्यावं लागेल.